घरघर डब्यात, दुखणं भिंतीत

"सर, आमचा सीपीयू ट्रॅक्टरसारखा वाजायला लागलाय."

जामखेडच्या एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात मी अधूनमधून जाऊन बसतो. तिथे येणाऱ्या तक्रारींची भाषा मला फार आवडते. कुणाचा सीपीयू ट्रॅक्टरसारखा वाजतो, कुणाचा पिठाच्या गिरणीसारखा, तर एका बाईंच्या मते त्यात मांजर बसून गुरगुरत होतं. दुकानदार हे सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि दोन प्रश्न विचारतो. पहिला, "गार असताना वाजतो की तापल्यावर?" आणि दुसरा, "घरात आणखी काय जळालंय का एवढ्यात?"

पहिल्या प्रश्नाचं गिऱ्हाइकाला काही वाटत नाही. दुसऱ्याने मात्र ते गोंधळतं. आणलाय संगणक, आणि हा विचारतोय मिक्सरबद्दल! या प्रकरणाचा मोठा भाग त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. पण पहिल्यापासून सुरुवात करू.

आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो खरं तर नुसता डबा. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप. या डब्याच्या मागच्या बाजूला, जिथे भिंतीतून आलेली जाड वायर घुसते, तिथे पत्र्याची आणखी एक पेटी असते. तिचं पूर्ण नाव स्विच मोड पॉवर सप्लाय. ते उच्चारलेलं मी तरी इथे कधी ऐकलेलं नाही. सगळे एसएमपीएस म्हणतात, आणि माणसाबद्दल बोलावं तसं म्हणतात : "एसएमपीएस गेला." भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून देणं हे त्याचं काम.

हे काम पूर्वी लोखंडी गाभ्याचे वजनदार ट्रान्सफॉर्मर करत. जुना स्टॅबिलायझर ज्याने उचलला असेल त्याला ते वजन माहीत आहे. मग आता एवढ्या हलक्या पेटीत ते कसं जमतं? आपल्याकडच्या विहिरी आठवा. मोट हाकायला दोन, कधी चार बैल, भलंमोठं चामडी पात्र आणि धावेवरची एक एक खेप. रहाटगाडग्याला मात्र छोटी छोटी मडकी, पण एकामागून एक, न थांबता. पाणी तेवढंच निघतं. भिंतीतली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरला सेकंदाला 50 खेपाच मिळत, आणि प्रत्येक खेपेला भरपूर ऊर्जा वाहायची म्हणून लोखंड भरपूर लागे. एसएमपीएस आधी विजेचा हेलकावा मोडून साधारण 325 व्होल्टचा सरळ प्रवाह करतो. मग त्याचे सेकंदाला पन्नास हजार, लाखभर तुकडे पाडतो. एका खेपेत चिमूटभर ऊर्जा, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा पुरतो. 1977 च्या अ‍ॅपल टू या घरगुती संगणकात रॉड होल्ट या अभियंत्याने असा पुरवठा बसवला आणि आत पंखा ठेवलाच नाही. 1981 च्या आयबीएम पीसीचा पुरवठा होता 63.5 वॉटचा. आज चांगल्या ग्राफिक्स कार्डाला याच्या कितीतरी पट लागतात. आज टेबलाखाली दिसणाऱ्या पेटीचा घाट इंटेलने 1995 साली एटीएक्स या नावाने ठरवून दिला, आणि वायरींचे रंगही ठरलेले आहेत : पिवळी 12 ची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची, काळी जमिनीची.

ही 325 व्होल्टची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पेटी का उघडायची नाही ते तीच सांगते. आतले मोठे कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेले राहू शकतात. ते रिकामे करणारा छोटा रेझिस्टर आत असतो, पण तो जळलेला असला तर बाहेरून कळत नाही. अनुभवी माणूससुद्धा आधी मीटर लावतो, मग बोट. ज्याच्याकडे मीटर नाही त्याने बोटही घालू नये.

आता आवाज. दहापैकी आठ-नऊ घरघरी पंख्याच्या असतात, असा त्या दुकानदाराचा अंदाज आहे आणि मला तो पटतो. सकाळी चालू केल्यावर घर्र करतो आणि पाच मिनिटांत गप्प होतो, असा पंखा म्हणजे बुशातलं तेल संपत आलेला. तापल्यावर उरलंसुरलं तेल पातळ होतं आणि काम भागतं. पुढे ते गप्प होणं लांबत जातं. एके दिवशी आवाज अजिबातच येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, आपोआप बरा झाला. तो बरा झालेला नसतो, थांबलेला असतो. आणि पंखा थांबलेला एसएमपीएस म्हणजे झाकण लावून चुलीवर ठेवलेलं रिकामं भांडं.

आवाज नेमका कुठला हे ओळखायला वर्तमानपत्राची नळी करा. एक टोक कानाला, दुसरं डब्याच्या मागच्या जाळीजवळ. मोटारसायकलचे मिस्त्री इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावतात, तसंच हे. त्या सीपीयू चिपवरचा पंखा आणि एसएमपीएसचा पंखा यांतला फरक लगेच कळतो. जाळीतून पेन्सिल घालून पंखा थांबवून बघण्याचा उद्योग मात्र नको.

पंख्याला तेल घालता येतं. मिस्त्री पेटी उघडून पंख्याच्या पाठचं स्टिकर उचलतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतो. चार-सहा महिन्यांची निश्चिंती. एकाने हा प्रयोग घरी खोबरेल तेलाने केला होता. जून ते ऑक्टोबर झकास चाललं. डिसेंबरात न्हाणीघरातल्या बाटलीत खोबरेल गोठतं तसं ते पंख्यातही गोठलं, आणि सकाळी संगणक चालू करायच्या आधी डब्याला उन्हात ठेवायची पाळी आली. खरं तर नवा बारा व्होल्टचा पंखाच टाकावा. थोडे पैसे जास्त देऊन बॉल बेअरिंगचा मिळाला तर उत्तम.

सगळे आवाज पंख्याचे नसतात. बारीक, कानात घुसणारी शिट्टी, जी संगणकावर काम वाढलं की वाढते, ती तारेच्या वेटोळ्यांची असते. वेटोळी थरथरतात म्हणून ती वाजते. त्रासदायक खरी, पण सहसा धोक्याची नाही. घड्याळासारखी टिक-टिक आणि संगणक चालूच होत नाही, याचा अर्थ पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएस सुरू व्हायला बघतो, शॉर्ट दिसला की माघार घेतो, पुन्हा बघतो. अशा वेळी दोष त्याचा नसतो, तो बिचारा पहारा देत असतो. आणि चुरचुर आवाज, सोबत माशासारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर विचार करत बसू नका. भिंतीवरचं बटण बंद करा. कधी आत पाल जाऊन चिकटलेली सापडते, कधी मुंग्यांचं वारूळ. त्यांना ती पेटी उबदार घर वाटते.

काही एसएमपीएस मुळीच आवाज न करता जातात. काम चालू असताना संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सकाळी दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. छपाईला कागद लावला की बंद. लोक विंडोज टाकून घेतात, व्हायरस शोधतात, रॅम पुसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मीटर लावला तर कळतं की बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर कामाच्या वेळी जेमतेम अकरा येतायत. चालण्यासारखी मर्यादा पाच टक्क्यांची : बाराला 11.4 ते 12.6, पाचाला 4.75 ते 5.25. पेटी सुटी करून तपासायची दुकानातली रीत अशी : मोठ्या प्लगातली हिरवी आणि कुठलीही काळी वायर जोडायची. पंखा फिरला तर प्राण आहे. पण नुसता पंखा फिरला म्हणजे तब्येत ठीक आहे असं नव्हे. ओझं देऊन व्होल्ट बघितल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

आत म्हातारा होतो तो कपॅसिटर. त्यात द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू वाळतो. कपॅसिटरच्या अंगावर 105 अंश असं छापलेलं असतं आणि कंपनीच्या माहितीत त्या तापमानाला किती तास टिकेल ते असतं. समजा 2000 तास. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. 65 अंशांना चार वेळा दुप्पट, म्हणजे 32,000 तास. 75 अंशांना 16,000. रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एक तेरा वर्षं चालेल, दुसरा साडेसहा. फरक फक्त दहा अंशांचा, आणि दहा अंश चढवायला जाळीवर बसलेला धुळीचा थर पुरतो. फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची मळणी चालू असताना गावातल्या ग्रामपंचायतीचा संगणक उघडून बघा. पेटीच्या जाळीवर अक्षरशः वाकळ असते. तोंडाने फुंकू नका, त्याने ओलावा जातो. ब्लोअर मारा, मारताना पंखा फिरू देऊ नका, आणि हे काम अंगणात करा.

एक लाल बटण मात्र असं आहे की तिथे झिजण्या-वाळण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या पेट्यांच्या पाठीवर 115 आणि 230 असं लिहिलेलं सरकतं बटण असे. अमेरिकेसाठी 115, आपल्यासाठी 230. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आला आणि तालुक्याच्या गावांत संगणक वर्गांचं पेव फुटलं. अशाच एका वर्गात मी काही महिने शिकवायला जात होतो. एका मुलाने टेबलाखाली वाकून ते बटण नखाने सरकवलं. चालू केल्यावर फटाका वाजला, धूर आला, मुली ओरडल्या. कारण सरळ आहे. 115 वर ठेवल्यावर आतली रचना व्होल्टेज दुप्पट करते. दोनशे व्होल्टच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे आले तर तो दुसरं काय करणार? मुलगा रडकुंडीला आला होता. मी त्याला काही बोललो नाही. शाळकरी मुलाच्या नखाने सरकेल असं बटण तिथे ठेवणाऱ्याचं मला जास्त नवल वाटलं. नव्या चांगल्या पेट्यांना ते बटण नसतं, त्या 90 पासून 264 व्होल्टपर्यंत आपलं आपण जुळवून घेतात.

आता दुसरा प्रश्न : "घरात आणखी काय जळालंय?"

जामखेडचं नाव जगात माहीत आहे ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या आरोग्य प्रकल्पामुळे. 1970 साली त्यांनी इथे काम सुरू केलं, 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फारशा न शिकलेल्या बायकांना गावाची आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करायचं, आणि रोग्याच्या खाटेइतकंच त्याच्या विहिरीकडे, गटाराकडे, ताटाकडे बघायचं, ही त्या कामाची रीत. जुलाबाचं औषध दिलं आणि पाणी तेच राहिलं तर जुलाब परत येणार. मला एसएमपीएसबद्दल असंच वाटतं. दोन वर्षांत तिसरी पेटी बदलणारं गिऱ्हाईक पेटीचं नसतं, भिंतीचं असतं.

पहिलं दुखणं व्होल्टेजचं. बऱ्याच ठिकाणी शेतीच्या पंपांना थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. रब्बीत ती आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या घरात बल्ब पिवळा पडतो. बल्बाला कमी व्होल्ट मिळाले की तो मंद होतो, कमी वीज खातो, सुखी राहतो. एसएमपीएसचा स्वभाव उलटा आहे. पुढे संगणकाला जेवढे वॉट द्यायचे तेवढे तो देणारच. व्होल्ट कमी मिळाले तर जास्त अँपिअर ओढतो. दीडशे वॉटला 230 व्होल्टवर साधारण 0.65 अँपिअर लागतात, 170 वर 0.88. म्हणजे आतल्या भागांतून सव्वापटीहून जास्त प्रवाह, आणि तापणं त्याहून जास्त. घरातला बल्ब पिवळा पडलेला असताना संगणक मजेत चालतोय असं वाटतं, तेव्हाच तो घाम गाळत असतो.

दुसरं, लाईट जाणं-येणं. पेटीत साठलेल्या विजेवर संगणक सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आत. यूपीएस त्या वेळात धावून येतो. घरगुती इन्व्हर्टर येईलच असं नाही. त्याच्या पाठीवर बहुधा एक बटण असतं, त्यातली यूपीएसची बाजू निवडली तर संगणक बंद पडत नाही. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हे बटण माहीत नसल्याने कित्येकांनी चांगले संगणक दुरुस्तीला टाकले. आणखी एक बारीक गोष्ट. चालू होताना रिकामे कपॅसिटर भसकन वीज ओढतात. तो लोंढा अडवायला आत एक छोटा भाग असतो, जो गार असतानाच अडवतो. लाईट जाऊन लगेच आली तर तो अजून गरम असतो आणि फाटक उघडंच राहतं. म्हणून लाईट गेली की बटण बंद करा, आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं तर नुसतं बटण पुरत नाही, प्लगच काढा.

तिसरं, न्यूट्रल तुटणं. हे सगळ्यांत वाईट. डीपीवरची न्यूट्रल सुटली की दोन फेजांमधली वीज दोन घरांत वाटेल तशी वाटली जाते. एका घरात दिवे मिणमिणतात, दुसऱ्या घरात पंखा विमानासारखा फिरतो आणि व्होल्ट 400 च्या दिशेने चढतात. टीव्ही, फ्रिज, चार्जर, एसएमपीएस, सगळं एका रांगेत जातं. दुकानदाराचा मिक्सरचा प्रश्न यासाठी असतो. उत्तर "हो" आलं तर तो पेटी विकण्याआधी वायरमनला फोन करायला लावतो.

आणि चौथं, अर्थिंग. "सर, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात," ही तक्रार मी शंभरदा ऐकली असेल. बहुतेक जण म्हणतात, एसएमपीएस लीक आहे, बदला. बदलला तरी झिणझिण्या येतात. कारण चांगल्या एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर मुद्दाम पत्र्याला जोडलेले असतात. गाळलेलं तिसऱ्या तारेने जमिनीत जावं अशी सोय आहे. तिसरी तार जोडलेलीच नसेल, किंवा दोन पिनांच्या बोर्डात घुसवायला कुणी जाड पिन कापून टाकली असेल, तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, 115 व्होल्टच्या आसपास लटकत राहतो. प्रवाह अगदी थोडा, एका संगणकाचा अर्ध्या मिलिअँपिअरहूनही कमी. पण संगणक वर्गात दहा संगणकांची तिसरी तार एकमेकांना जोडलेली आणि जमिनीला मात्र कुठेच नाही, असं असलं तर दहाही जणांची गळती एकत्र येते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. तेव्हा त्या झिणझिण्या राहत नाहीत, चांगला झटका बसतो. गंमत अशी की सगळ्यांत स्वस्त पेटीत हे कपॅसिटर वाचवलेले असतात, म्हणून ती झिणझिणत नाही आणि गिऱ्हाईक तिलाच चांगली म्हणतं.

बदलायचीच वेळ आली तर पेटीवरचा मोठा आकडा वाचू नका. "450 वॉट" छापायला शाई लागते, तांबं लागत नाही. बारीक अक्षरातल्या तक्त्यात 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. 14 अँपिअर असतील तर 168 वॉट, आणि आजचा संगणक मुख्यतः त्या बारावरच चालतो. नुसत्या बिलं आणि दाखल्यांच्या कामाला तेवढे पुरतातही. पण मग 450 चे पैसे कशाला? 2004 पासून 80 प्लस नावाची खूण आली. ती असलेली पेटी घेतलेल्या विजेतले किमान ऐंशी टक्के पुढे देते. 120 वॉटच्या कामाला 65 टक्क्यांची पेटी 185 वॉट घेऊन 65 वॉट उष्णतेत घालवते. 85 टक्क्यांची 21 वॉटच घालवते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या सेवा केंद्रात हा फरक हाताला कळतो. जुनी पेटी तेल घालून, पंखा बदलून वापरायला माझी हरकत नाही. मात्र कपॅसिटर फुगलेली पेटी परत जोडू नये. ती मरताना एकटी मरत नाही, मदरबोर्डाला घेऊन जाते.

दुकानदाराने त्या ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाचा पंखा बदलला आणि वर विचारलं, "दादा, अर्थिंग कधी केलंय?" घर बांधताना केलं होतं. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं रीतसर. पण जामखेड पर्जन्यछायेतलं. मुरमाड जमीन दिवाळीनंतर वाळत जाते, खड्ड्यातला ओलावा संपतो, आणि कोरडी माती वीज वाहून नेत नाही. पावसाळ्यात न येणाऱ्या झिणझिण्या उन्हाळ्यात येतात त्या यामुळे. तुमच्याही घरामागे किंवा शाळेच्या भिंतीलगत तो खड्डा असेल. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओता. भांडी धुतलेलं चालेल.